‘किस’चा वारसा: चेहऱ्यांचा की मुखवट्यांचा?

न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये २ डिसेंबर २०२३ च्या रात्री अखेरचे गाणे संपले, धुराचे लोट उठले आणि त्या धुरातच चार वादक दिसेनासे झाले. पन्नास वर्षांची कारकीर्द असलेल्या ‘किस’ या अमेरिकी हार्ड रॉक बँडच्या निरोपाच्या दौऱ्याची ती सांगता होती. प्रेक्षक निरोपाच्या भावनेतून सावरत नाहीत तोच पडद्यावर तेच चार रंगविलेले चेहरे पुन्हा अवतरले. मात्र ते हाडामांसाचे नव्हते, संगणकाने घडविलेले होते. वादक थांबले तरी बँड थांबणार नाही, असे त्यातून सुचविले गेले आणि चाहत्यांमधील जुना वाद त्याच रात्री नव्याने पेटला.

हा वाद वरवर पाहता तंत्रज्ञानाचा वाटतो. प्रत्यक्षात तो मालकीचा आहे. ‘किस’ म्हणजे १९७३ मध्ये एकत्र आलेली चार माणसे, की त्या माणसांनी चेहऱ्यावर रंगविलेली चार पात्रे? पहिले उत्तर मान्य केले, तर बँड कधीच संपलेला आहे. दुसरे मान्य केले, तर तो कधी संपणारच नाही. बँडचे मूळ गिटारवादक एस फ्रेली यांचे ऑक्टोबर २०२५ मध्ये निधन झाल्यानंतर या प्रश्नाला वेगळेच गांभीर्य आले. तोवर ‘कधीतरी चौघे पुन्हा एकत्र येतील’ ही पळवाट तरी चाहत्यांजवळ होती.

माळ्यावरील चौघे

जीन सिमन्स हे इस्रायलच्या हैफा शहरात जन्मलेले, नाझी छळछावणीतून वाचलेल्या आईबरोबर आठव्या वर्षी न्यूयॉर्कला आलेले. पॉल स्टॅनली यांचा उजवा कान जन्मतःच अविकसित आणि बहिरा. शाळेत त्यावरून झालेली कुचेष्टा लपविण्यासाठी त्यांनी केस वाढविले. या दोघांनी आधीचा एक फसलेला बँड मोडून नवा मांडण्याचे ठरविले. ढोलवादक पीटर क्रिस यांनी नियतकालिकात ‘काम हवे’ अशी जाहिरात दिली होती, त्यावरून ते मिळाले. फ्रेली तर बँडने दिलेल्या जाहिरातीला उत्तर म्हणून चाचणीसाठी आले तेव्हा दोन पायांत दोन वेगळ्या रंगांचे बूट घालून आले होते, ही गोष्ट चाहत्यांत आजही कौतुकाने सांगितली जाते. मॅनहॅटनमधील ईस्ट तेविसाव्या रस्त्यावरील एका इमारतीच्या माळ्यावर तालमी सुरू झाल्या आणि ३० जानेवारी १९७३ रोजी क्वीन्समधील एका छोट्या क्लबात पहिला कार्यक्रम झाला. जेथे अखेरचा कार्यक्रम झाला ते मॅडिसन स्क्वेअर गार्डन त्या माळ्यापासून जेमतेम दहा चौकांवर आहे. एवढे अंतर कापायला बँडला पन्नास वर्षे लागली, असे चाहते गमतीने म्हणतात. अर्थात त्याच सभागृहात त्यांनी १९७७ मध्येच गर्दी खेचली होती, हे त्यांनाही ठाऊक असते.

चौघांनी चेहरे रंगविण्याचे ठरविले, तेव्हा प्रत्येकाने आपले पात्र आपणच शोधले. स्टॅनली ‘तारकापुत्र’ झाले, सिमन्स ‘राक्षस’, फ्रेली ‘अवकाशपुरुष’ आणि क्रिस ‘मार्जार’. मुखवटा हा शब्द येथे सोयीसाठी वापरायचा; प्रत्यक्षात दशावतारी नटाप्रमाणे ते स्वतःच आरशापुढे बसून तोंडाला रंग लावीत. बिनकानाचा मुलगा तारा झाला, परक्या देशातून आलेला मुलगा राक्षस झाला, असा अर्थ पुढे स्टॅनली यांच्या आत्मकथनानंतर अनेकांनी लावला. तो थोडा सोयीचा असला, तरी निराधार नाही. या चौघांच्या चेहऱ्यावरचा रंग कोणा नाटककाराने लिहून दिलेला नव्हता आणि वादाची सारी गुंतागुंत तेथेच आहे. आणखी एक तपशील येथेच नोंदवायला हवा. विजेच्या दोन लोळांसारखी शेवटची दोन अक्षरे असलेले बँडचे जगप्रसिद्ध बोधचिन्ह मुळात फ्रेली यांनी रेखाटले.

पहिले तीन अल्बम फारसे खपले नाहीत. ध्वनिमुद्रण कंपनी बुडण्याच्या बेतात होती. पण प्रत्यक्ष कार्यक्रमाची गोष्टच वेगळी होती. सिमन्स तोंडातून आग फुंकत (पहिल्या खेपेस त्यांचे केसच पेटले होते), रक्त ओकत; फ्रेली यांच्या गिटारीतून धूर निघे; ढोल उंच चढत. सप्टेंबर १९७५ मध्ये कार्यक्रमांच्या ध्वनिमुद्रणाचा ‘अलाइव्ह!’ हा दुहेरी अल्बम आला आणि चित्र पालटले. त्यातील बराच भाग नंतर स्टुडिओत दुरुस्त करण्यात आला होता, हे यथावकाश उघड झाले. त्यावरही चाहत्यांमध्ये दोन तट आहेत आणि बहुतेकांनी ‘असेना का’ असे म्हणून तो विषय केव्हाच सोडून दिलेला आहे.

त्याच सुमारास दोन घटना घडल्या. इंडियाना राज्यातील टेर हॉट या गावच्या काही शाळकरी मुलांनी स्थानिक रेडिओ केंद्राने ‘किस’ची गाणी लावावीत म्हणून दूरध्वनींचा मारा केला आणि स्वतःला ‘किस आर्मी’ म्हणवून घेतले. पुढे बँडने ते नाव अधिकृत चाहता-संघटनेलाच दिले. मिशिगनमधील कॅडिलॅक या लहानशा गावात शाळेचा फुटबॉल संघ हंगामाच्या सुरुवातीलाच हरू लागला होता. प्रशिक्षकांनी कपड्यांच्या खोलीत ‘किस’ची गाणी लावायला सुरुवात केली, संघ जिंकू लागला आणि ऑक्टोबर १९७५ मध्ये बँड स्वतः त्या गावात हजर झाला. गावच्या प्रतिष्ठितांनीही तोंडे रंगवून घेतली. आज साठी ओलांडलेला अमेरिकी चाहता ‘माझा किस’ म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर हे दिवस असतात. संगीताच्या दर्जाची चर्चा त्याच्यापुढे करून उपयोग नसतो.

दुकान आधी, गाणे नंतर?

समीक्षकांनी या बँडला कधीच फारशी किंमत दिली नाही. दोन-तीन सूरसंगतींवर बेतलेली गाणी, ठरावीक आशय, आणि गाण्यापेक्षा बाहुल्या, जेवणाचे डबे, पिनबॉल यंत्रे विकण्यात अधिक रस, असा आक्षेप. १९७७ मध्ये मार्व्हलने काढलेल्या ‘किस’ चित्रकथेच्या शाईत बँडच्या चौघांचे रक्त मिसळण्यात आले होते. पुढे तर ‘किस’ छापाच्या शवपेट्याही बाजारात आल्या. सिमन्स यांनी हा व्यापार कधी लपविला नाही. उलट त्याची प्रौढीच मिरविली. त्यामुळे टीकाकारांचे काम सोपे झाले.

तरीही हा आक्षेप अपुरा आहे. त्या शवपेट्यांपैकी एकीत २००४ मध्ये ‘पँटेरा’चा गिटारवादक डाइमबॅग डॅरेल विसावला. रंगमंचावर गोळ्या घालून त्याची हत्या झाली होती आणि सिमन्स यांनी ती पेटी त्याच्या कुटुंबाला दिली होती. डॅरेल लहानपणापासून फ्रेली यांचा भक्त. ‘पर्ल जॅम’चा माइक मॅकक्रेडी, ‘रेज अगेन्स्ट द मशीन’चा टॉम मोरेलो यांनीही गिटार हाती घेण्याचे श्रेय ‘किस’ला दिले आहे. हे तिघेही ‘किस’पेक्षा तंत्राने कितीतरी पुढे गेलेले वादक. फ्रेली यांचे वादन अवघड नव्हते. ते गुणगुणता येण्याजोगे होते, आणि तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला ‘हे मलाही जमेल’ असे वाटायला लावणारे होते. समीक्षकांच्या वहीत या गुणाला रकाना नसतो.

भूमिका आणि नट

वादाचा खरा गाभा १९८० नंतरच्या घटनांमध्ये आहे. त्या वर्षी क्रिस बाहेर पडले आणि एरिक कार आले. त्यांना ‘मार्जार’ करण्यात आले नाही. त्यांच्यासाठी ‘कोल्हा’ हे नवे पात्र रचले गेले. १९८२ मध्ये फ्रेली गेले, व्हिनी व्हिन्सेंट आले. त्यांच्या कपाळी प्राचीन इजिप्तचे ‘आंख’ हे चिन्ह आले. थोडक्यात, मूळ चेहरा मूळ माणसाचाच, हा दंडक खुद्द बँडनेच त्या काळी पाळला. सप्टेंबर १९८३ मध्ये तर सर्वांनी रंगच पुसून टाकला आणि पुढची तेरा वर्षे ‘किस’ हा उघड्या चेहऱ्यांचा बँड होता. या काळातील चाहत्यांचा एक स्वतंत्र वर्ग आहे. त्याच्या लेखी ब्रूस क्युलिक हाच ‘किस’चा गिटारवादक, आणि १९९१ मध्ये कर्करोगाशी झुंजताना गेलेले एरिक कार हेच ढोलवादक. मूळ चौघांच्या नावाने चाललेला गजर ऐकून हा वर्ग नेहमीच थोडा दुखावलेला असतो. त्याचे दुखणे रास्तही आहे, कारण मुखवट्याशिवाय हा बँड तेरा वर्षे जगला, याचा पुरावा त्याच्याचजवळ आहे.

१९९६ मध्ये मूळ चौघे रंग लावून परतले. तो दौरा त्या वर्षीच्या सर्वाधिक कमाईच्या दौऱ्यांत गणला गेला. त्यासाठी फ्रेली आणि क्रिस यांच्याकडून जुन्या गाण्यांचा सराव करून घेणाऱ्यांत टॉमी थेअर हा बँडच्या पदरी असलेला गिटारवादक होता. हा थेअर कधी काळी ‘किस’ची नक्कल करणाऱ्या एका बँडमध्ये फ्रेली यांची भूमिका वठवीत असे. मनोमिलन मात्र टिकले नाही. मानधनावरून कुरबुरी झाल्या, आणि २००० मध्ये ‘निरोपाचा दौरा’ जाहीर झाला. होय, निरोप तेव्हाही घेण्यात आला होता. त्या दौऱ्याच्या उत्तरार्धातच, २००१ मध्ये, क्रिस यांच्या जागी एरिक सिंगर आले, ते मार्जाराचाच रंग लावून. फ्रेली २००२ मध्ये गेले आणि थेअर यांनी अवकाशपुरुषाचा चेहरा चढविला. क्रिस मध्यंतरी परतले आणि २००४ मध्ये कायमचे गेले. त्यानंतर दौरे संपेपर्यंत, म्हणजे जवळजवळ वीस वर्षे, ‘किस’ म्हणजे स्टॅनली, सिमन्स, थेअर आणि सिंगर.

या टप्प्यावर चाहत्यांच्या युक्तिवादांना धार येते. एका बाजूचे म्हणणे असे, की पात्र हे पात्र असते. बॅटमॅनचा नट बदलला म्हणून कोणी चित्रपटगृहावर मोर्चा नेत नाही. आपल्याकडचा दाखला द्यायचा, तर ‘नटसम्राट’मधील अप्पा बेलवलकर डॉ. श्रीराम लागूंनंतर दत्ता भटांनी उभे केले आणि मराठी प्रेक्षकांनी ते आनंदाने स्वीकारले. शिवाय थेअर आणि सिंगर हे वेळेवर येणारे, शुद्धीत असणारे, चोख वाजविणारे कलावंत. तिकिटाचे पैसे मोजणाऱ्याला आणखी काय हवे? नव्या रंगभूषा काढल्या असत्या, तर कोल्हा आणि आंखचिन्हासारखी त्यांचीही दशा झाली असती, हाही त्यांचा मुद्दा आहे, आणि तो अगदीच पोकळ नाही.

दुसऱ्या बाजूचे उत्तर असे, की बेलवलकर कुसुमाग्रजांनी लिहिला. लागूंनी तो साकारला. अवकाशपुरुष मात्र फ्रेली यांनी स्वतःवरून बेतला. ते पात्र म्हणजेच तो माणूस होता, विसराळू, हसरा, थोडा हवेत तरंगणारा, बेभरवशाचा. त्याच्या बेभरवशाला कंटाळून त्याला दूर करणे समजू शकते. त्याला दूर करून त्याचाच चेहरा दुसऱ्याला देणे ही निराळी गोष्ट. कायद्याच्या दृष्टीने त्या चेहऱ्यांचे हक्क बँडकडे होते, त्यामुळे गैर काही घडले नाही. पण चाहत्याचे प्रेम नोंदणीकृत व्यापारचिन्हावर जडलेले नसते.

या दोन बाजूंपैकी दुसरीचे पारडे जड वाटते, आणि त्याचे कारण बँडचाच इतिहास आहे. १९८० आणि १९८२ मध्ये जो संकोच स्टॅनली-सिमन्स यांना वाटला, तो २००१ मध्ये का वाटला नाही? तोवर त्यांच्या ध्यानात आले होते, की लोक तिकीट काढतात ते १९७६ च्या चित्रासाठी. त्या चित्रात फेरफार करणे परवडणारे नव्हते. मग माणसे बदलली आणि चित्र तेच ठेवले. २०१२ नंतर बँडने नव्या गाण्यांचा एकही अल्बम काढला नाही, तरी दौरे अकरा वर्षे चालू राहिले, यातही काही आश्चर्य नाही. ज्या नाट्यसंस्थेचे एकच नाटक हाउसफुल चालते, ती दुसऱ्याच्या तालमी कशाला घेईल?

मुंबईतील रॉकप्रेमींना या वादाची थोडी चव मिळालेली आहे. ‘गन्स अँड रोझेस’ डिसेंबर २०१२ मध्ये मुंबईत आला, तेव्हा अभिजात काळातील मंडळींपैकी गायक अ‍ॅक्सल रोझ पुढे होता, पण गिटारवर स्लॅश नव्हता. तोच बँड मे २०२५ मध्ये महालक्ष्मी रेसकोर्सवर वाजला, तेव्हा स्लॅश आणि डफ मॅककेगन दोघेही परतलेले होते. गाणी बव्हंशी तीच. दोन्ही कार्यक्रम पाहिलेल्या श्रोत्याला फरक समजावून सांगावा लागत नाही. पन्नाशीनंतर आवाज बसलेला असो, हात थोडा मंदावलेला असो, ज्याने तो तुकडा पहिल्यांदा वाजविला त्याच्याच हातून तो ऐकण्यात काही वेगळे असते.

‘किस’च्या वाट्याला अशी संधी २०१४ मध्ये आली होती. ‘रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम’साठी हा बँड १९९९ पासून पात्र होता, संस्थेने पंधरा वर्षे ताटकळत ठेवले. अखेर एप्रिल २०१४ मध्ये ब्रुकलिन येथे सन्मान झाला, पण तो केवळ मूळ चौघांचा. नंतर आलेल्या सदस्यांनाही सामावून घ्यावे, असा स्टॅनली-सिमन्स यांचा आग्रह. मूळ चौघांनीच वाजवावे, अशी संस्थेची इच्छा. निष्पन्न असे झाले, की कोणीच वाजविले नाही. चौघे मंचावर आले, बोलले, एकमेकांना मिठ्या मारल्या आणि निघून गेले. त्या रात्री तीन गाणी जरी झाली असती, तरी पुढच्या अर्ध्या कटुतेला जागा उरली नसती.

दुसरा निरोप

‘एंड ऑफ द रोड’ हा दौरा सप्टेंबर २०१८ मध्ये जाहीर झाला आणि ३१ जानेवारी २०१९ रोजी व्हँकुव्हर येथे सुरू झाला. करोनाने मध्येच खीळ घातली. त्यामुळे तो पाच वर्षे रेंगाळला. एकदा निरोप घेऊन परतलेल्यांवर कितपत विश्वास ठेवायचा, अशी थट्टा झाली. परंतु या खेपेस वयच साक्षीला होते. अखेरच्या कार्यक्रमावेळी सिमन्स ७४ वर्षांचे होते, स्टॅनली ७१ वर्षांचे. उंच टाचांचे बूट, अंगावर जडशीळ पोशाख आणि प्रेक्षकांच्या डोक्यावरून दोरीला लटकत सभागृहाच्या दुसऱ्या टोकाला जाणे, हे त्या वयात रोज करायचे काम नव्हे. स्टॅनली यांचा आवाज पूर्वीसारखा राहिलेला नव्हता, आणि ध्वनिमुद्रित आवाजाची मदत घेतली जाते, असा आक्षेप चाहत्यांमधूनच सातत्याने उमटला. ज्यांना आक्षेप नव्हता त्यांचे उत्तर साधे होते: आम्ही आतषबाजी पाहायला आणि मुलांना घेऊन यायला आलो आहोत. आजोबा, मुलगा आणि नातू असे तिघेही तोंड रंगवून आल्याचे दृश्य या दौऱ्यात सर्रास दिसे. कोणत्याही समीक्षकाला हेवा वाटावा असे ते दृश्य होते.

अखेरच्या दोन रात्री फ्रेली आणि क्रिस यांच्यापैकी कोणीही मंचावर आले नाही. संबंध पूर्ण तुटलेले होते असेही नाही. स्टॅनली २०१६ मध्ये फ्रेली यांच्या अल्बमवर गायले होते, सिमन्स यांनी २०१८ मध्ये त्यांच्यासोबत गाणी लिहिली होती. तरीही शेवटच्या वर्षात मुलाखतींमधून वाग्बाण सुटले, वकिलांच्या भाषेत क्षमायाचनेची मागणी झाली आणि दारे मिटली. कोणाचे चुकले, याचा कीस चाहते अजून काढीत आहेत. एका टाळीने वाद होत नाही एवढे म्हणून पुढे जाणेच बरे.

मग आले ते संगणकीय अवतार. स्वीडनच्या ‘पॉपहाउस’ या कंपनीने त्यासाठी पैसा पुरविला आणि ‘स्टार वॉर्स’साठी स्थापन झालेल्या ‘इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक’ने ते घडविले. याच जोडगोळीने २०२२ पासून लंडनमध्ये गाजलेला ‘अ‍ॅबा व्हॉयेज’ उभा केला. एप्रिल २०२४ मध्ये ‘पॉपहाउस’ने ‘किस’ची गाणी, नाव आणि प्रतिमा विकत घेतल्याचे जाहीर झाले, व्यवहाराचा आकडा तीस कोटी डॉलरपेक्षा अधिक असल्याच्या बातम्या आल्या. बँड आम्हा व्यक्तींहून मोठा आहे आणि तो आमच्यानंतरही जगावा, असा स्टॅनली-सिमन्स यांचा यामागील युक्तिवाद.

‘अ‍ॅबा’शी तुलना मात्र एका ठिकाणी अडते. तेथील चारही अवतार हे त्या चौघांचेच तरुण रूप. चौघांनी स्वतः कॅमेऱ्यांपुढे उभे राहून हालचाली दिल्या. ‘किस’च्या अवतारांसाठी हालचाली दिल्या त्या स्टॅनली, सिमन्स, थेअर आणि सिंगर यांनी. म्हणजे संगणकीय अवकाशपुरुष दिसतो फ्रेली यांच्या चेहऱ्याच्या रंगात आणि वावरतो थेअर यांच्या चालीने. एकदा माणूस वगळून रंग ठेवायचे ठरविल्यावर तो रंग चढविण्यासाठी माणूस लागतोच कशाला, हा पुढचा प्रश्न आपोआप येतो. २००१ मध्ये जे पाऊल टाकले गेले, त्याच वाटेचे हे पुढचे वळण आहे. त्यामुळे थेअर-सिंगर यांना वीस वर्षे टाळ्या देणाऱ्या आणि अवतारांना मात्र नाक मुरडणाऱ्या चाहत्यांची भूमिका थोडी अडचणीची होते. त्यांचे म्हणणे एवढेच, की थेअर निदान घाम गाळीत होते. हा फरक लहान नाही.

बर्मिंगहॅम आणि न्यू जर्सी

५ जुलै २०२५ रोजी इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्क मैदानावर ‘ब्लॅक सॅबथ’ने अखेरचा कार्यक्रम केला. पार्किन्सनने जर्जर झालेला ऑझी ऑस्बर्न सिंहासनावर बसूनच गायला. ढोलवादक बिल वॉर्ड यांच्याशी करारावरून झालेले जुने मतभेद बाजूला ठेवून मूळ चौघे आपल्या गावात एकत्र आले, चार गाणी वाजविली. २२ जुलै रोजी ऑझी गेला. ‘किस’च्या चाहत्यांनी हा कार्यक्रम कोणत्या भावनेने पाहिला असेल, हे वेगळे सांगायला नको. ‘एरोस्मिथ’ला तर एवढेही भाग्य लाभले नव्हते. स्टीव्हन टायलर यांच्या स्वरयंत्राला झालेल्या दुखापतीमुळे त्यांचा निरोपाचा दौरा सुरू होताच थांबला आणि ऑगस्ट २०२४ मध्ये तो रद्द करून बँडने दौऱ्यांमधून कायमची निवृत्ती जाहीर केली. पण तेथे दोष शरीराचा होता, माणसांचा नव्हे.

१६ ऑक्टोबर २०२५ रोजी न्यू जर्सीमध्ये फ्रेली यांचे निधन झाले. पडल्यामुळे झालेली दुखापत निमित्त ठरली, वय ७४. ऑगस्टमध्ये ‘केनेडी सेंटर’च्या राष्ट्रीय सन्मानासाठी ‘किस’ची निवड जाहीर झाली होती आणि ती पुन्हा मूळ चौघांचीच होती. म्हणजे ज्या चौघांना एका मंचावर आणणे बँडला साधले नाही, त्यांना सरकारी सोहळ्याने डिसेंबरात एकत्र आणले असते. दोन महिने कमी पडले.

नोव्हेंबरात लास व्हेगास येथे चाहत्यांच्या मेळाव्यात स्टॅनली, सिमन्स, थेअर आणि सिंगर वाजवायला उभे राहिले. दौरे नाहीत, पण एखादा कार्यक्रम होईल, असे आधीच सांगण्यात आले होते; त्यामुळे ‘तिसरा निरोप’ अशी टवाळी फारशी झाली नाही. त्यांनी फ्रेली यांना आदरांजली वाहिली. रंग कोणीच लावला नव्हता. ज्या चाहत्यांना थेअर अवकाशपुरुषाच्या वेषात कधीच रुचले नाहीत, त्यांतील कित्येकांनी त्या रात्रीच्या त्यांच्या वादनाचे मोकळेपणाने कौतुक केले. हाच माणूस आपल्या स्वतःच्या चेहऱ्याने आधीपासून उभा राहिला असता, तर? या प्रश्नाला आता फक्त चर्चेपुरतेच महत्त्व आहे. ‘रश’ या कॅनडाच्या बँडने मात्र ऑक्टोबर २०२५ मध्येच त्याचे एक उत्तर दिले. त्यांचे ढोलवादक नील पेअर्ट जानेवारी २०२० मध्ये वारले. २०२६ चा दौरा जाहीर करताना उरलेल्या दोघांनी अनिका निलेस या जर्मन वादिकेला बरोबर घेतले, तिच्याच नावाने. पेअर्ट यांची गादी चालविणारी म्हणून तिला कोणतेही सोंग देण्यात आले नाही.

डिसेंबर २०२५ मध्ये वॉशिंग्टनच्या सोहळ्याला स्टॅनली, सिमन्स आणि क्रिस असे तिघे हजर होते. फ्रेली यांचा सन्मान मरणोत्तर ठरला. ऐंशीला टेकलेले क्रिस इतर दोघांशेजारी साध्या काळ्या कोटात बसले होते. मार्जाराचा चेहरा त्यांनी २००४ मध्येच मागे ठेवला होता. तो आता एका स्वीडिश कंपनीच्या मालकीचा आहे.